टाकी माझ्याकडे

सोमवार

मुलीच्या घरी येऊन चार तास झाले. तेवढ्यात या घरातल्या अकरा सैल वस्तू सापडल्या. नळाची चावी, जिन्याचा कठडा, मागच्या दाराची कडी वगैरे दहा, आणि अकरावा जावई. दहा मी स्क्रूड्रायव्हर मागून घेऊन घट्ट केल्या. अकराव्याला इलाज नाही.

कडी घट्ट केल्यावर मागचं दार कोणालाच उघडेना. तेव्हा जावयाची आई म्हणाली, "व्याही, ती मी मुद्दाम सैल ठेवली होती. दमट हवेत दार फुगतं." दार फुगतं तर दार तासावं. कडी सैल ठेवणं हा उपाय नव्हे, आळस आहे. या विहीणबाई आयुष्यभर असंच भागवत आल्या असाव्यात.

आठवडाभर इथे राहायचं आणि कायमचं यायचं की नाही याचं रविवारी उत्तर द्यायचं, असं ठरलं आहे. वरची खोली माझ्यासाठी रंगवली आहे. भिंतींना अजून रंगाचा वास येतो, आणि मुलगी म्हणते, "तुम्हाला पटलं तरच हं, बाबा." हे सगळं कशावरून, तर गेल्या महिन्यात माझ्याकडे दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस चालू राहिला. शेजारणीने गल्ली गोळा केली. एकतीस वर्षं मी सिलिंडर भरण्याच्या कारखान्यात सुरक्षा तपासनीस होतो. माझ्या पाळीत एक ठिणगी उडाली नाही. पण मुलीच्या लेखी आता मी म्हणजे ते दूध.

उत्तर माझं ठरलेलं आहे. नाही.

जावयाने आठवडाभर रजा काढली आहे. माझ्यासाठी नव्हे, बोटीसाठी. बसच्या वर्कशॉपमधली चांगली नोकरी सोडून याला हौशी लोकांना मासेमारीला न्यायचं आहे. एका म्हाताऱ्याची जुनी बोट मोटरीसकट बघायला आणली आहे. शनिवारी दुपारपर्यंत चालवून बघायची, पटली तर ठेवायची, नाही तर परत. दुसरं गिऱ्हाईक तयारच आहे म्हणे. त्या म्हाताऱ्याला सगळे कप्तान म्हणतात. खाडीच्या तोंडापलीकडे तो कधी गेला असेल असं त्याच्या पोटाकडे बघून वाटत नाही.

राजीनाम्याचं पत्र लिहून जावयाने शर्टाच्या खिशात ठेवलं आहे. मुलीने मला ते कौतुकाने दाखवलं. अक्षर बरं आहे.

मंगळवार

सकाळी सहाला धक्क्यावर. मी, जावई आणि विहीणबाई. मुलगी दवाखान्यात कामाला जाते, तिला रजा नाही, म्हणून आईला घेतलं म्हणे. "आईला मासे कळतात," असं जावई म्हणाला. माणसं कळली असती तर जास्त उपयोग झाला असता.

बोट बारा हात लांब, रंग तीन ठिकाणी उडालेला. मागे मोटर लटकवलेली. पेट्रोलची लाल टाकी वेगळी, मधल्या फळीखाली ठेवायची आणि रबरी नळीने मोटरीला जोडायची. लाईफ जॅकेट तीन, त्यातलं एकच धड. दुसऱ्याचा पट्टा तुटलेला, तिसऱ्यातून भुसा डोकावतो. जावयाने धड असलेलं मला घातलं. मला त्याचा रंग आवडला नाही, तसं मी सांगितलंही.

मग म्हणाला, "बाबा, टाकी तुमच्याकडे. लावायची, काढायची, बघायची, सगळं तुम्हीच. यातलं तुमच्याइतकं आम्हाला कोणाला कळणार?" हे मात्र बरोबर बोलला. पुढे झाकणाबद्दल काहीतरी समजावून सांगत होता. एकतीस वर्षं झाकणं तपासलेल्या माणसाला झाकण समजावणारा हा कोण? मी विहीणबाईंच्या आमिषाच्या डब्याकडे बघत राहिलो. त्यातली कोळंबी कालची होती.

टाकी बघितली तर अपेक्षेप्रमाणे हलगर्जीपणा. झाकणाच्या मधोमध एक छोटा स्क्रू आहे, तो तीन आटे सैल. वर पेट्रोलचा वास. भर उन्हात पेट्रोलची टाकी उघडी ठेवणाऱ्याला आमच्या कारखान्यात गेटवरूनच परत पाठवलं असतं. मी स्क्रू बसेपर्यंत आवळला आणि वर सवयीने अर्धा आटा. वास गेला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. चांगल्या तपासनिसाचं काम लक्षात येतच नाही.

पाव तास मोटर छान चालली. मग खोकली आणि बंद पडली.

जावयाने प्लग काढले, पुसले, लावले. मी माझं काम केलं. झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते बघितलं. उघडताना फुस्स असा आवाज आला, कोणी दमून बसताना येतो तसा. स्वस्तातलं झाकण. पेट्रोल भरपूर होतं. झाकण परत घट्ट लावलं. मोटर लागली. पाव तासाने परत बंद.

दिवसभरात असं सात वेळा. दर वेळी मी झाकण उघडतो, बघतो, लावतो आणि मग मोटर लागते. म्हणजे मी लक्ष घातल्याशिवाय या बोटीवर काही होत नाही.

मासे: विहीणबाई अकरा, जावई दोन, मी शून्य. त्या हातात नुसती दोरी धरून बसतात, गळही गंजका. मला जावयाने त्याची चांगली काठी दिली होती. काठीतच दोष असावा.

बुधवार

जावयाने काल घरी आल्यापासून कार्ब्युरेटर उघडून त्याचा एकेक भाग जुन्या टूथब्रशने घासला. आज पाण्यात उतरल्यावर मोटर अठरा मिनिटं चालली. मी घड्याळ लावलं होतं. अठराव्या मिनिटाला बंद पडल्यावर "अठरा" असं मी मोठ्याने म्हणालो. कोणी दाद दिली नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "व्याही, तुम्ही क्रिकेटचे पंच व्हायला हवे होतात. खेळायचं नाही, नुसतं बोट वर करायचं."

"नियम पाळणारा कोणीतरी लागतो," मी म्हणालो.

"पाळा. पण दुसऱ्यावर नेम धरून बसल्यासारखे दिसता."

या बाईला मागेपुढे बघून बोलायची रीत नाही. नवरा लवकर गेल्यावर हिने वीस वर्षं बाजारात मासे विकून मुलाला वाढवलं, असं मुलगी अभिमानाने सांगते. आवाजावरून शंका नव्हतीच.

जेवताना जावई मला म्हणाला, "बाबा, इंजिनाचं काही सुचतंय का तुम्हाला?" मी म्हणालो, वस्तू मुळात भिकार आहे, परत कर. तो मान हलवून जेवत राहिला. याचा हाच दोष. भांडतही नाही. माझ्या बायकोला मात्र हा फार आवडायचा. ती असती तर या बोटीत सगळ्यात पुढे बसली असती आणि मला गप्प बसायला सांगितलं असतं.

गुरुवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण या घरात ते तीन तऱ्हांनी सांगितलं जात आहे.

विहीणबाईंच्या म्हणण्यानुसार मोठा मासा खाडीच्या तोंडाशी मिळतो. तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे, त्यावर बाहेरच्या लाटा फुटतात. भरतीला हरकत नसते. ओहोटीला मात्र सगळी खाडी त्याच दिशेला ओढ घेते, म्हणून ओहोटीआधी परत फिरायचं. जावई वेळेवर फिरला, त्याला दोष देणार नाही. फिरल्यावर बाराव्या मिनिटाला मोटर बंद.

जावयाने दोरी ओढली. परत ओढली. बोट मागे सरकायला लागली. आधी मला वाटलं किनारा सरकतो आहे.

"बाबा, टाकी?" तो ओरडला.

"चोख आहे."

"झाकणावरचा स्क्रू बघितलात?"

"सकाळीच बघितला. रोज बघतो."

"बरं," म्हणाला आणि मोटरीचं डोकं उघडून त्यात हात घातला. हात भाजला असावा, बोलला नाही. विहीणबाईंनी वल्ही मारायला घेतली. बासष्ट वर्षांची बाई. दहा हात पुढे जायचं, पंधरा हात मागे. लाटांचा आवाज ऐकू यायला लागला. मला पोहता येत नाही. हे या घरात कोणाला माहीत नाही असं मला वाटत होतं, पण जावई न वळता म्हणाला, "बाबा, जॅकेटचा पट्टा आवळून घ्या. आई, नांगर."

विहीणबाईंनी नांगर टाकला. दोर ताणला, घसरला, परत ताणला आणि धरला. बोट गर्रकन वळून थांबली. लाटा फुटत होत्या ती जागा आमच्यापासून एका गल्लीच्या लांबीवर होती. मी जॅकेट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो. थंडीने.

मी माझं काम केलं. झाकण उघडलं. फुस्स. पेट्रोल होतं. लावलं, आवळलं. जावयाने दोरी ओढली आणि मोटर लागली. वाटेत दोनदा बंद पडली, पण तोवर आम्ही आतल्या संथ पाण्यात होतो.

धक्क्यावर उतरताना जावयाने माझा दंड धरला. मला गरज नव्हती. पायरी ओली होती म्हणून सोडवून घेतला नाही.

मासे आज कोणी मोजले नाहीत.

शुक्रवार

बोटीने आज गेलो नाही. जावयाने नवीन नळी आणून लावली, बोट धक्क्याला बांधूनच मोटर चालवली. सतरा मिनिटं. मग तो बराच वेळ धक्क्यावर बसून राहिला.

दुपारी मी वर पडलो होतो. खाली मायलेकाचं बोलणं चाललं होतं. भिंती पातळ आहेत.

"अरे, एकदा तू स्वतः जाऊन बघ की."

"नको, आई. त्यांना वाटेल, विश्वास नाही."

"वाटू दे. जीव जायची वेळ आली होती."

"त्यांनी सांगितलं ना, बघितलंय म्हणून. मी परत जाऊन बघितलं तर ते बॅग भरतील. आधीच यायला तयार नव्हते."

कशाबद्दल बोलत होते कळलं नाही. बहुधा माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल. या घरात माझ्या गोळ्यांवर फार चर्चा होते.

जावयाने ठरवलं आहे. उद्या बोट परत. सात वाजता कप्तान धक्क्यावर येईल. राजीनाम्याचं पत्र त्याने खिशातून काढून कपाटात, विजेच्या बिलांखाली ठेवलं. मुलगी मला म्हणाली, "झालं, बाबा? तुम्ही म्हणत होतात तसंच झालं."

मी म्हणत होतो तसंच झालं. चुकीची वस्तू वेळेत ओळखली गेली, गुरुवारसारखा प्रसंग परत येणार नाही, नोकरी शाबूत. आनंद व्हायला हवा. जेवण मात्र आज बेचव होतं.

संध्याकाळी धक्क्यावर फेरी मारली. जावई एका हाताला फडकं बांधून दुसऱ्या हाताने बोट धूत होता. आतून, बाहेरून, बाकांखालून. उद्या परत करायची वस्तू कोण धुतं? असल्या माणसाला धंदा जमला असता का, हाच प्रश्न आहे.

शनिवार, सकाळ

सव्वासात. जावई धक्क्यावर गेला. मुलगी अंघोळीला.

या घरातल्या अडाणीपणाचा आणखी एक नमुना नोंदवून ठेवतो. अंडी तळायची होती आणि तेलाचा नवा डबा फोडायचा होता. विहीणबाईंना मी म्हणालो, मला द्या. खिळा आणि दगड घेऊन डब्याच्या वर कोपऱ्यात एक भोक पाडलं. छोटं, गोल, नेमकं. डबा तिरका केला. तेल थोडं आलं, डुबुक डुबुक केलं आणि थांबलं. परत सरळ करून तिरका केला. परत थोडं आलं आणि थांबलं.

विहीणबाईंनी माझ्या हातातून खिळा घेतला आणि समोरच्या कोपऱ्यात दाणकन दुसरं भोक पाडलं. चांगला डबा, दोन भोकं. आता त्यात मुंग्या जाणार. मी तसं म्हणालो.

त्या म्हणाल्या, "व्याही, वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल?" आणि कढईत तेलाची धार सोडली. न थांबता. सरळ.

म्हणजे या बाईचं म्हणणं असं की, डबा अगदी बंद असला तर

मी उठतो आहे.

शनिवार, संध्याकाळ

धक्क्यापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता आहे. घरातल्या चपलांवर गेलो, त्यातली एक बहुधा मुलीची होती. तीस वर्षांत मी धावलो नव्हतो आणि आज धावलो असंही म्हणता येणार नाही. पण लोक बाजूला होत होते.

कप्तान बोटीत बसून मोटर चालवून बघत होता, जावई धक्क्यावर उभा. मोटर नुकतीच बंद पडली होती. टाकी काल संध्याकाळी मीच लावून ठेवली होती, नीट, चोख.

कप्तान म्हणत होता, "माझ्याकडे नऊ वर्षं ही एकदा खोकली नाही. चार दिवसांत काय केलंत हिचं? आता दुसऱ्याला काय सांगू?"

जावई खाली मान घालून ऐकत होता. मी बोटीत उतरलो. उतरताना पडलो, ते सोडून देतो. झाकणावरचा स्क्रू धरला. मीच इतका आवळला होता की दोन्ही हात लावावे लागले. एक आटा. फुस्स. आत जाणाऱ्या हवेचा आवाज होता तो. आयुष्यभर मी हवा बाहेर कुठून येते तेवढंच ऐकत आलो. दुसरा आटा. तिसरा.

"आता चालवा," मी म्हणालो.

मोटर लागली. पाव तास झाला. वीस मिनिटं झाली. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. कप्तान खाडीत गोल गोल फेऱ्या मारत होता आणि मी पुढच्या फळीवर बसलो होतो, जॅकेट न घालता. अर्ध्या तासाने धक्क्याला लागल्यावर त्याने टाकीकडे बघितलं आणि विचारलं, "वाऱ्याचा स्क्रू बंद होता? चारही दिवस? कोणी केला बंद?"

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. त्यात सुरक्षा हा शब्द दोनदा होता. मी तोंड उघडायच्या आत जावई म्हणाला, "माझ्याकडून राहिलं. ने-आण करताना बंद करतो ना, तो उघडायचाच राहिला."

या माणसाला खोटंही बोलता येत नाही. कान लाल होतात. वर्कशॉपमध्ये बारा वर्षं इंजिनं उघडलेला माणूस, आणि एका म्हाताऱ्यासमोर स्वतःला येडा ठरवून घेत होता. उद्या हीच गोष्ट धक्काभर होणार, ज्या धक्क्यावर त्याला धंदा करायचा आहे. इतका कसा बावळट असू शकतो कोणी?

"खोटं आहे," मी म्हणालो. "टाकी माझ्याकडे होती."

कप्तानाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चपलांवर थोडा जास्त वेळ थांबला. "तुम्ही काय करायचात पूर्वी?"

"गॅसच्या कारखान्यात सुरक्षा तपासनीस."

तो हसला. पोट धरून, बोट हलेपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "मग बरोबर आहे. दुसऱ्या कोणाला इतका घट्ट जमला नसता." आणि जावयाच्या हातात मोटरीच्या कुलपाची किल्ली ठेवली.

परत येताना मी एवढंच म्हणालो की हाताला मलम लाव, फडकं बांधून भाजलेलं बरं होत नाही. तो म्हणाला, "हो, बाबा." मग घराजवळ आल्यावर, "सोमवारी राजीनामा देतो. पण पहिलं गिऱ्हाईक उद्याच सकाळी सहाला यायचंय. दोघं भाऊ आहेत. टाकी तुमच्याकडे."

गुरुवारी ज्याच्यामुळे बुडायची वेळ आली, त्याच्याच ताब्यात हा परत टाकी देतो. धंद्याची काही अक्कल नाही.

घरी विहीणबाईंनी गार झालेली अंडी परत गरम करून वाढली. म्हणाल्या, "डब्याला भोक पाडताना तुमच्या तोंडाकडे बघत होते मी. म्हटलं, आत पोचतंय की नाही."

"काय पोचतंय?"

"तेल हो, व्याही. कढईत."

दोन भोकं असल्याशिवाय तेल येत नाही हे माहीत असताना त्यांनी आधी मला खिळा का दिला, हे मला कळलेलं नाही. विचारही करणार नाही. अडाणी माणसांच्या वागण्यात हेतू शोधू नये.

रविवार

सहा वाजता दोघं भाऊ आले. दोघांना मिळून एक गळ बांधता येत नव्हता. विहीणबाईंनी बांधून दिला आणि त्यांना असं काही सुनावलं की ते खूश होऊन पुढच्या रविवारचंही ठरवून गेले. टाकी मी लावली. झाकण घट्ट, स्क्रू तीन आटे सैल. पेट्रोलचा वास येत होता. चार तास तो वास घेत बसलो. मोटर एकदाही थांबली नाही. मासा मला एक मिळाला, वीतभर. विहीणबाई म्हणाल्या की त्याला माझी दया आली असावी.

रात्रीच्या जेवणाआधी मुलगी वर आली. दारात उभी राहिली, विचारलं नाही. मी म्हणालो, माझं सामान पुढच्या आठवड्यात आणावं लागेल, लोखंडी कपाट जिन्यातून वर यायचं नाही, खिडकीतून घ्यावं लागेल. ती खाली पळाली. खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग तिघांचं हसणं. या घरात वस्तू जपून ठेवायची पद्धतच नाही.

खोलीच्या खिडकीची कडी सैल आहे. वारा आला की टकटक वाजते. स्क्रूड्रायव्हर उशाशीच आहे. सकाळी आधी विचारीन, ती कोणी कशासाठी सैल ठेवली आहे का.